प्रवासवाचक इंग्रजी शब्द आणि मराठीचे भाषांतर

विष्णुभट गोडसे यांनी १८८३ मध्ये लिहिलेला आणि चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ अलीकडच्या काळात दोनदा इंग्रजीत गेला. मृणाल पांडे यांनी २०११ मध्ये केलेल्या भाषांतराला ‘१८५७ : द रिअल स्टोरी ऑफ द ग्रेट अपरायझिंग’ असे नाव मिळाले. प्रिया आडारकर व शांता गोखले यांचे भाषांतर २०१४ मध्ये निघाले. त्याचे नाव ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ ब्राह्मिन प्रीस्ट’ आणि उपशीर्षक ‘माय ट्रॅव्हल्स इन द १८५७ रिबेलियन’. त्याच्या कितीतरी आधी अमृतलाल नागर यांनी हा ग्रंथ हिंदीत नेला होता, तो ‘आँखों देखा गदर’ या नावाने. म्हणजे तीन भाषांतरांपैकी दोहोंच्या शीर्षकांतून ‘प्रवास’ नाहीसा झाला आणि तिसऱ्यात तो उपशीर्षकात, तोही अनेकवचनी होऊन, उरला. प्रकाशकांच्या सोयीचा यात वाटा असणारच. परंतु शब्दाची अडचणही खरी आहे, आणि तिचा विचार भाषांतराच्या अभ्यासकांनी करावा इतकी ती खोलवर गेलेली आहे.

गोडसेभटजींच्या बाबतीत घडले ते असे. वरसईचा एक कर्जबाजारी भिक्षुक बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघतो. बंडाच्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यातून जीव वाचवून बाहेर पडतो. मिळवलेले बहुतेक गमावतो. आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगा घेऊन घरी येतो. निघताना ती अर्थार्जनाची वाट होती, मध्ये ती पळापळ झाली, अखेरीस तिला तीर्थयात्रेचे रूप आले. मराठीत या सगळ्यावर ‘प्रवास’ हा एकच शब्द सहज पांघरता येतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे आणि लेखकाला त्यांतून निवड करावी लागते.

इंग्रजी-मराठी कोश उघडला की ट्रॅव्हल, जर्नी, टूर, ट्रिप या शब्दांपुढे प्रवास, यात्रा, सफर, सहल, फेरी हे शब्द आलटूनपालटून मांडलेले आढळतात. या मांडणीमुळे असा समज होतो की दोन्ही भाषांनी एकच क्षेत्र सारख्याच रेषांनी वाटून घेतले आहे. वस्तुतः इंग्रजीने हे क्षेत्र आजच्या वापरात मुख्यतः अंतर, मार्ग, वाहन आणि परत येणे यांवरून विभागले आहे. मराठीची विभागणी बऱ्याच अंशी कोण निघाले, कशासाठी निघाले आणि मागे कोण राहिले यांवरून झालेली आहे. मात्र इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीकडे गेले की हे अंतर कमी होते. तेथे जुन्या वाटसरूचे शरीर, त्याचे पाय, त्याची शिदोरी ही सगळी अजून शिल्लक आहेत.

‘ट्रॅव्हल’ हा शब्द सर्वांत सामान्य आणि म्हणून सर्वांत अपारदर्शक. तो ‘ट्रॅव्हेल’ या कष्टवाचक शब्दाचाच जुळा भाऊ आहे. मध्ययुगीन इंग्रजीत दोघे एकच होते. फ्रेंचमध्ये ‘त्राव्हाय’ म्हणजे आजही काम. त्यामागे सामान्यतः ‘त्रिपालियुम’ हा उत्तरकालीन लॅटिन शब्द सांगितला जातो. तीन खुंटांचे ते एक छळयंत्र होते. छळ, कष्ट, प्रसूतिवेदना आणि वाटचाल हे अर्थ एकाच शब्दात नांदत होते आणि पुढे लेखनाने त्यांची वाटणी केली. १६११ च्या अधिकृत बायबलात प्रसूतिवेदनांसाठी ‘ट्रॅव्हेल’ येतो. त्याच वर्षी थॉमस कोरियट या सॉमरसेटच्या माणसाचे, बहुतांशी पायी केलेल्या युरोपच्या फेरीचे पुस्तक निघाले. हाच कोरियट पुढे अलेप्पोहून चालत अजमेरला जहांगीरच्या दरबारापर्यंत आला आणि डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेस वारला. त्याच्या दृष्टीने ट्रॅव्हल आणि ट्रॅव्हेल यांत फार अंतर नसावे. मराठीत या मूळ अर्थाच्या जवळ जाणारा शब्द ‘प्रवास’ नव्हे, ‘पायपीट’ आहे. त्यातही पाय आणि मार एकत्र आले आहेत.

या शब्दाचे व्याकरणही ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्रजीत ‘ट्रॅव्हल’ हे क्रियेचे समूहवाचक नाव असून एका प्रसंगासाठी ते एकवचनात वापरता येत नाही. तेथे जर्नी किंवा ट्रिप म्हणावे लागते. भारतीय विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत ही चूक वारंवार दिसते, कारण ‘प्रवास’ हा शब्द दोन्ही कामे करतो. अनेकवचनी ‘ट्रॅव्हल्स’ची तऱ्हा आणखी निराळी. दूरदेशीचे, दीर्घकाळचे हिंडणे आणि त्या हिंडण्याचे पुस्तक असे दोन्ही अर्थ त्यात येतात. १७२६ मध्ये स्विफ्टने गलिव्हरची कथा लिहिली ती याच साहित्यप्रकाराची चेष्टा करण्यासाठी. तेव्हा गोडसेभटजींच्या नावापुढे ‘माय ट्रॅव्हल्स’ हे शब्द आले की इंग्रजी वाचकापुढे स्वेच्छेने जग पाहायला निघालेल्या गृहस्थांची एक लांब रांग उभी राहते. भटजी त्या रांगेत बसत नाहीत. (महाराष्ट्रात ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे रात्रीची खासगी बस, हा या शब्दाचा अगदी अलीकडचा आणि पूर्णपणे देशी अवतार आहे. तो येथे सोडून देणे बरे.)

‘जर्नी’ची कथा अधिक प्रसन्न आहे. फ्रेंच ‘जूर्ने’ म्हणजे एक दिवस, किंवा एका दिवसात होणारे काम वा वाटचाल. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘दिएस’ आहे आणि त्याचे नाते संस्कृत ‘दिवस’ शब्दाशी पोचते. म्हणजे जर्नी हे मुळात अंतराचे नाव नसून वेळेचे आहे. याच कुळातला ‘जर्नल’ हा दिवसाचा लेख आणि ‘जर्नीमन’ हा दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर. मराठीने हीच जोडी फारसी ‘रोज’वरून तयार केली: रोजनिशी आणि रोजंदार. प्रवासवाचक तिसरा शब्द मात्र मराठीने दिवसावरून घेतला नाही, उतरण्याच्या जागेवरून घेतला. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरायचे ठिकाण. त्याचीच ‘मजल’ झाली. एका दिवसात जितके चालून होईल ती मजल, आणि ‘मजल दरमजल’ करीत जाणे म्हणजे खऱ्या अर्थाने जर्नी. ज्या भाषेत स्थायिक माणसाच्या पत्त्यावरही ‘मुक्काम पोस्ट’ असे लिहिले जाते, तिने वाट मुक्कामांनी मोजावी यात नवल नाही.

ही मूळ मर्यादा सुटल्यावर ‘जर्नी’ शब्द लांबत गेला. आज इंग्रजीत आजारपणाची जर्नी असते, नोकरीची असते, आत्मशोधाचीही असते. गेल्या काही दशकांच्या वृत्तपत्री मराठीने हा प्रयोग इतक्या भक्तिभावाने उचलला आहे की आता नटाचा, गृहिणीचा आणि सहकारी बँकेचाही ‘प्रवास’ उलगडला जातो. ‘जीवनप्रवास’ हा जुना शब्द आहे आणि त्यातील रूपक जिवंत होते. नव्या प्रयोगात मात्र निघाले कोठून आणि पोचले कोठे याचा पत्ता बहुधा लागत नाही.

‘व्हॉयेज’ शब्दाच्या पोटात शिदोरी आहे. लॅटिन ‘व्हिया’ म्हणजे वाट. ‘व्हियातिकुम’ म्हणजे वाटखर्ची, वाटेचे अन्न. संस्कृत ‘पाथेय’ अक्षरशः याच घडणीचा शब्द आहे. ख्रिस्ती परंपरेत मरणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या अखेरच्या प्रसादालाही व्हियातिकुम म्हणतात. पुण्याची शिदोरी बांधणाऱ्या मराठी मनाला ही कल्पना परकी वाटू नये. फ्रेंचमध्ये ‘व्हॉयाज’ आजही कोणताही प्रवास. इंग्रजीतही एकेकाळी तसेच होते. रिचर्ड लॅसेल्स या धर्मगुरूच्या १६७० मध्ये निघालेल्या ‘द व्हॉयेज ऑफ इटली’ या पुस्तकातला व्हॉयेज खुष्कीचाच आहे. पुढे इंग्रजांचे जग समुद्रावर पसरत गेले, तसतसा या शब्दाचा अर्थसंकोच होऊन तो सागरापुरता, आणि आपल्या काळात अंतराळापुरता, उरला. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. ‘सागरप्रवास’ हा जोडशब्द आहे, ‘समुद्रगमन’ हा धर्मशास्त्राच्या निषेधासकट येतो. कोकणच्या किनाऱ्यावर गलबताच्या जाण्यायेण्याला ‘खेप’ म्हणतात, पण खेप म्हणजे व्हॉयेज नव्हे, ‘ट्रिप’. माल भरला, पोचवला, रिकामे परत आले की एक खेप. वाळूच्या ट्रकची ट्रिप तीच. ‘ट्रिप’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ हलक्या पावलांनी उड्या मारणे हा आहे. मराठी शाळांनी त्यातला हलकेपणा घेतला आणि ट्रकवाल्यांनी त्यातली आवृत्ती, असे गमतीने म्हणता येईल.

लॅसेल्सच्या त्याच पुस्तकात ‘ग्रँड टूर’ हा शब्दप्रयोग पहिल्यांदा आढळतो असे मानले जाते. ‘टूर’ म्हणजे वळणे, फिरणे. ग्रीक-लॅटिन मुळाशी सुताराचा लेथ आहे. जे फिरते ते परत मूळ जागी येते, आणि टूरमध्ये परतणे गृहीतच आहे. इंग्रज उमरावांची मुले शिक्षकाला बरोबर घेऊन पॅरिस, रोम पाहून परत येत आणि मग त्यांचे शिक्षण पुरे झाले असे समजत. मराठी ‘दौरा’ हा याच अर्थाचा शब्द आहे. अरबी ‘दौर’ म्हणजेही फेरा. पण दौरा कोणी काढावा हे मराठीत ठरलेले आहे. कलेक्टर, मंत्री, राज्यपाल, क्रिकेटचा संघ, फार तर नाटक कंपनी दौऱ्यावर जाते. एखादा शेतकरी दौऱ्यावर गेला असे म्हटले तर ती थट्टा समजली जाते. इंग्रजी ‘टूर’मध्ये हा अधिकार नाही, तेथे पैसे भरणारा कोणीही टूरवर जाऊ शकतो, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेला ‘टूरिस्ट’ हा शब्द अशाच माणसाचे नाव झाला.

या लोकशाहीकरणाची एक तारीख सांगता येते. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने लेस्टरहून लाफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसांची एक खास आगगाडी नेली. ते सर्व मद्यपाननिषेधाच्या सभेला निघाले होते आणि जाण्यायेण्याचे भाडे होते एक शिलिंग. या प्रकाराला ‘एक्सकर्शन’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धावत बाहेर पडणे. एलिझाबेथकालीन नाटकांच्या रंगसूचनांत तो लढाईतल्या चकमकींसाठी येतो. किल्ल्याबाहेर पडून शत्रूवर धाव घेण्याचा शब्द दोन-अडीचशे वर्षांत डबे बांधून निघालेल्या कुटुंबाचा झाला. मराठीत ‘सहल’ शब्दाने हे काम आज चांगले सांभाळले आहे आणि तेथे भाषांतरकाराला फारसे अडत नाही. ‘एक्स्पेडिशन’ आणि ‘मोहीम’ यांचेही तसेच. पहिल्याचा मूळ अर्थ पायातली बेडी काढणे, दुसऱ्याचा निकडीचे काम. पण सैन्यापासून एव्हरेस्टपर्यंत दोघे बरोबरीने चालत आले आहेत.

आतापर्यंत आलेले बहुतेक इंग्रजी शब्द फ्रेंच-लॅटिन आहेत हे ध्यानात आले असेल. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जाण्यायेण्याचे मूळ इंग्रजी शब्द मागे पडले. ‘फारान’ म्हणजे जाणे. त्याचा ‘फेअर’ आता मुख्यतः भाड्यात आणि ‘फेअरवेल’सारख्या शब्दांत उरला आहे. ‘राइड’ टिकला. त्याच्यापासून झालेला ‘रोड’ म्हणजे आधी घोड्यावरून जाणे, मग ज्यावरून जायचे तो रस्ता; आणि त्याचेच स्कॉटिश रूप ‘रेड’ म्हणजे छापा. मराठी ‘स्वारी’चा अर्थव्यापार याहून निराळा नाही. घोड्यावर बसणे, शत्रूवर चालून जाणे आणि घरधन्याचा विनोदी उल्लेख करणे, तिन्हींना तोच शब्द. भिन्न शाखांतल्या दोन भाषा घोड्याच्या पाठीवरून एकाच ठिकाणी याव्यात हे घोड्याच्या इतिहासाला शोभणारे आहे.

खरी अडचण ‘पिल्ग्रिमेज’पाशी सुरू होते. लॅटिन ‘पेरेग्रीनुस’ म्हणजे परका, आपली शेतशिवारे ओलांडून आलेला. त्याच्या तीर्थाला जाण्यात परकेपणा हा मुख्य अंश आहे. ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ धातूपासून, म्हणजे तरून जाण्यापासून, आला; त्यात उतार आहे, पाणी आहे. ‘यात्रा’ तर केवळ ‘या’ म्हणजे जाणे. हरि केशवजी यांनी बन्यनच्या १६७८ मधील ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे भाषांतर १८४१ मध्ये, म्हणजे कुकची गाडी सुटली त्याच वर्षी, प्रसिद्ध केले आणि त्याला ‘यात्रिकक्रमण’ असे नाव दिले. हे नाव आज बोजड वाटते, पण ते फार विचारपूर्वक केलेले आहे. ‘प्रोग्रेस’चा ‘प्रगती’ असा अर्थ पाठ झालेल्या आजच्या वाचकाला माहीत नसते की सतराव्या शतकात तो प्रवासवाचक शब्द होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यातील दौऱ्यांनाही प्रोग्रेसच म्हणत. पुढे पाऊल टाकणे हा त्याचा धात्वर्थ, आणि ‘क्रमण’ म्हणजे तेच. नंतरच्या कित्येक भाषांतरकारांना हे साधले नसते.

उलट दिशेने मात्र काय होते ते पाहावे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा निबंध १९६२ मध्ये अमेरिकेतील एका विद्वत्पत्रिकेत ‘ऑन द रोड : अ महाराष्ट्रियन पिल्ग्रिमेज’ या नावाने आला. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’चे, मूळ १९६४ चे, फिलिप एंगब्लोम यांनी केलेले भाषांतर १९८७ मध्ये ‘पालखी : अ‍ॅन इंडियन पिल्ग्रिमेज’ या नावाने निघाले. दोन्ही भाषांतरकारांनी मुख्य शब्द जपण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे आणि दोघांनाही उपशीर्षकात ‘पिल्ग्रिमेज’चा आधार घ्यावा लागला आहे. पण वारी म्हणजे पिल्ग्रिमेज आहे का? ‘वारंवार’मधला ‘वार’ त्या शब्दात आहे. ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जेवणारा गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत असे. त्यातली पाळी आणि नियम वारीत आहेत. पिल्ग्रिम एकदा गेला तरी पिल्ग्रिम होतो. वारकरी एकदा जाऊन होता येत नाही. न चुकता पुन्हा जाणे हेच त्याचे लक्षण. शिवाय वारकरी परका नसतो. तो आपल्याच मुलखातून, ओळखीच्या मुक्कामांवरून, वर्षानुवर्षे त्याच दिंडीतून जातो. आणि पालखीत तर संतांच्या पादुका असतात. पंढरपूरला निघाले आहेत ज्ञानेश्वर, तुकाराम. माणसे त्यांच्या सोबतीला आहेत. ‘पिल्ग्रिमेज’ हा शब्द यांपैकी एकही गोष्ट सांगत नाही, आणि तरी अर्थशून्य नसल्यामुळे तो वाचकाला समाधान देऊन पुढे पाठवतो. भाषांतरात चुकीच्या शब्दापेक्षा असा जवळचा शब्द अधिक फसवतो.

शब्द बदलला की घटनाही बदलते याचे सार्वजनिक इतिहासातले उदाहरण १९३० चे आहे. १२ मार्च रोजी साबरमतीहून गांधीजी आणि त्यांचे सहकारी निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालून समुद्रकाठी पोचले आणि ६ एप्रिल रोजी मिठाचा कायदा मोडला. इंग्रजीत तो ‘सॉल्ट मार्च’ आहे, गुजरातीत ‘दांडीकूच’, मराठीत आणि हिंदीत ‘दांडीयात्रा’. मार्च आणि कूच हे सैन्याचे शब्द, यात्रा हा भाविकांचा. चाललेली पावले तीच आहेत. पण गुजराती वाचकाच्या मनात जे उभे राहते ते मराठी वाचकाच्या मनात उभे राहतेच असे नाही.

भारतीय भाषांचे एकमेकींशी असे न जुळणे हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मुंबईच्या रेल्वे स्थानकावर मराठीत ‘प्रवाशांना’ आणि हिंदीत ‘यात्रियों’ना उद्देशून एकच सूचना होते, मराठीत यात्री म्हणजे देवाला निघालेला. बंगालीत ‘जात्रा’ म्हणजे नाट्यप्रकारही, मराठीत ‘जत्रा’ म्हणजे मेळा. ज्या साहित्यप्रकाराला मराठीत प्रवासवर्णन म्हणतात तो उर्दूत सफरनामा, बंगालीत भ्रमणकाहिनी, मलयाळममध्ये यात्राविवरण. आणि ‘प्रवास’ हा शब्द तर आणखी घोटाळ्यात टाकतो. बंगालीत प्रवासी म्हणजे बंगालबाहेर राहणारा बंगाली. रामानंद चट्टोपाध्याय यांनी १९०१ मध्ये अलाहाबादहून काढलेल्या मासिकाचे नाव याच अर्थाने ‘प्रबासी’ होते. मलयाळममध्ये प्रवासी म्हटले की आखातात नोकरीला गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. २००३ पासून केंद्र सरकार ‘प्रवासी भारतीय दिवस’ साजरा करते. नुसत्या मराठी कानाला तो रेल्वेच्या उतारूंचा दिवस वाटू शकतो.

यात मूळ अर्थाशी प्रामाणिक राहिल्या आहेत त्या बंगाली आणि मलयाळम. ‘प्र’ आणि ‘वस्’ यांपासून झालेल्या या शब्दात चालणे कोठेच नाही. दूर जाऊन राहणे आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे जे चार प्रकार सांगितले त्यांत ‘प्रवास’ हा एक आहे. आठ नायिकांतील ‘प्रोषितभर्तृका’ ही याच धातूवरून झाली: जिचा पती दूर राहिला आहे ती. म्हणजे हा शब्द उंबरठ्याच्या आतून पाहिलेला आहे. जो गेला त्याला वाटेत काय दिसले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जी मागे राहिली तिला काय वाटते हे तो सांगतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतात ‘पहिअ’ म्हणजे पांथस्थ आणि त्याची घरी राहिलेली बायको पुनःपुन्हा भेटतात. मराठीने पुढे तो शब्द उचलून वाटसरूच्या हाती दिला, आणि घरी राहिलेलीसाठी वेगळा शब्द ठेवला नाही. इंग्रजीतील प्रवासवाचक शब्दांत तर घरी कोणी राहिले आहे याची जाणीवच नाही. ट्रॅव्हल कष्टाचा, जर्नी दिवसाचा, टूर वळणाचा. सगळे निघालेल्याच्या बाजूचे.

म्हणून स्त्रियांच्या लेखनाचे आणि स्त्रियांविषयीच्या लेखनाचे भाषांतर करताना हा शब्दसंग्रह विशेष तोकडा पडतो. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’चे दीप्रा दांडेकर यांनी केलेले भाषांतर २०२२ मध्ये आले, त्याचे नाव ‘यमुनाज जर्नी’ असे आहे. ‘पर्यटन’ म्हणजे चोहीकडे हिंडणे. त्या हिंडण्यात ठिकठिकाणच्या विधवांची स्थिती दृष्टीस पडते आणि पुस्तकाचा हेतूही तोच. सरकारी मराठीने पुढे हा शब्द टूरिझमला देऊन टाकल्यामुळे आजच्या मराठी वाचकालाच ते शीर्षक चमत्कारिक वाटते, आणि ‘जर्नी’ने निदान तो गैरसमज तरी टाळला आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्यावर १८८९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये तो इंग्रजीत आणला तो ‘अमेरिकन एन्काउंटर’ या शब्दांनी. एन्काउंटर म्हणजे समोरासमोर येणे, आणि आशय पाहता हा शब्द चुकलेला नाही. पण रमाबाईंच्या शीर्षकात लोकस्थिती आधी आणि स्वतःचे प्रवासवृत्त नंतर आहे. तेथील लोकांमध्ये राहून त्यांनी त्यांची स्थिती पाहिली. जुना, राहण्याचा ‘प्रवास’ त्या शब्दात अजून ऐकू येतो.

ज्या बायकांनी पुस्तके लिहिली नाहीत त्यांचा प्रवास जात्यावरच्या ओव्यांत आहे आणि तो बहुतेक सासर-माहेर या दोन टोकांमधला आहे. त्याचा शब्दसंग्रह बारीक आहे: मूळ पाठवणे, मुराळी, पाठवणी, बोळवण. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस, बहुतेक भाऊ. तो आल्याशिवाय ती निघू शकत नाही, आणि तो येईल की नाही यावरच कित्येक ओव्या उभ्या आहेत. इंग्रजीत त्याला ‘एस्कॉर्ट’ म्हटले तर तो शिपाई होतो. ‘ब्रदर’ म्हटले तर नाते राहते आणि काम जाते. तिच्या जाण्याला शब्द शोधणे याहून कठीण. ‘जर्नी’ फार मोठा, ‘ट्रिप’ फार हलका. ‘व्हिजिट’ म्हटले तर माहेर परक्याचे घर होते, ‘रिटर्न’ म्हटले तर सासर. मराठीत ती फक्त ‘माहेरी जाते’, आणि चार दिवसांनी ‘सासरी जाते’. दोन्हीकडे क्रियापद तेच, येणे कोणत्याच बाजूला नाही. हे इंग्रजीत आणायचे तर भाषांतरकाराला एका ओळीच्या दोन कराव्या लागतात किंवा तळटीप द्यावी लागते, आणि ओवीला दोन्ही मानवत नाहीत.